गाडीच्या काचेवरचं स्टिकर आता हवंय कशाला?

रामबागी (सोमवार, रात्री ९:४०)

मंडळी, प्रश्न छोटा आहे पण डोक्यातून जात नाहीये. इथे इंदूरला सांवेर रोडवर पुढच्या डंपरमधून गिट्टी उडाली आणि गाडीची समोरची काच तडकली. विम्यातून बदलून मिळाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण जुन्या काचेबरोबर दोन गोष्टी गेल्या, एक फास्टॅग आणि दुसरं ते आतून डाव्या कोपऱ्यात चिकटवलेलं निळसर होलोग्रामवालं स्टिकर, ज्याला कागदोपत्री तिसरी नंबर प्लेट म्हणतात. फास्टॅग बँकेनं नवा दिला. स्टिकरचं विचारलं तर वर्कशॉपचा मुलगा म्हणाला, "अरे साहब, उसको कौन देखता है."

आता मला खरंच विचारायचंय की कोण पाहतं? आरसी मोबाइलमध्ये, विमा मोबाइलमध्ये, पीयूसी ऑनलाइन दिसतं, मध्यंतरी तर आपल्या इथे आरसीचं प्लास्टिक कार्ड मिळणंच बंद झालं होतं, पीडीएफ काढून घ्या म्हणाले. नंबर टाकला की 'वाहन'च्या डेटाबेसमधून गाडीची सगळी कुंडली निघते, मग तेच परत काचेवर कशाला? इंग्लंड-ऑस्ट्रेलियात ही स्टिकरं केव्हाच काढून टाकली म्हणे. आपणही सगळं डिजिटल करून मोकळं व्हावं असं माझं मत, विरोध असेल तर बिनधास्त लिहा.

आणि हो, दिवाळीनंतर याच गाडीनं पुण्याला जायचंय. एमपी ०९, म्हणजे आपला इंदूरचा नंबर पाहिला की तिकडे थांबवतात, त्यांचेही अनुभव येऊ द्या.

पोहे_जास्त_सेव

भिया, काचेवर जागा कुठे उरलीये? एका कोपऱ्यात फास्टॅग, दुसऱ्यात सोसायटीच्या गेटचा पास, मधोमध महाकाल, वर होळकर नगरी, खाली मुलाच्या शाळेचं पार्किंग. रस्ता उरलेल्या जागेतून पाहायचा. एक स्टिकर कमी झालं तर मी तुमच्या बाजूनं.

बिजासनी

ट्रान्सपोर्टच्या धंद्यात आहे म्हणून लिहितो. ट्रकवाल्याला विचारा डिजिटल म्हणजे काय ते. महाराष्ट्राच्या सीमेवर सेंधव्यापासून बिजासन घाट उतरून पळासनेरला लागेपर्यंत नेट कुठे जातं कुठे येतं भगवान जाणे, आणि थांबवणारे नेमके तिथेच थांबवतात. ड्रायव्हरनं अॅप उघडलं की ते गोल गोल फिरत राहतं आणि साहेब घड्याळाकडे बघत राहतात. मागे २०२४ च्या १ जुलैपासून आपल्या सरकारनं सीमेवरचे परिवहन नाके बंद केले, तेव्हा आम्हाला वाटलं सुटलो, पण थांबवणारे फक्त जागा बदलून उभे राहिले.

आमच्या प्रत्येक गाडीत फाइल आहे. आरसीची प्रिंट, विमा, फिटनेस, परमिट, पीयूसी, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत. मोबाइलमध्येही आहे. दोन्ही ठेवा, वाद घालायला वेळ असेल तर एकच ठेवा.

मेलबर्नची_मावशी

माहेर लोकमान्य नगर, सध्या मुक्काम मेलबर्न, म्हणून मत द्यायचा डबल हक्क आहे 😄

आमच्या व्हिक्टोरिया राज्यात १ जानेवारी २०१४ पासून छोट्या गाड्यांचं काचेवरचं लेबल बंद झालं. वेस्टर्न ऑस्ट्रेलियानं तर २०१० लाच काढलं होतं, न्यू साउथ वेल्सनं २०१३ ला. पोलिसांच्या गाडीवर कॅमेरा असतो, तो चालता चालता नंबर प्लेटा वाचतो आणि नोंदणी संपलेली असली की आत स्क्रीनवर येतं. त्यांना काचेजवळ यायची गरजच नाही.

पण आमचं वांधं वेगळं झालं. आधी ते लेबल रोज डोळ्यासमोर असायचं, त्यावर कधी संपतंय ते लिहिलेलं असायचं. इथे नोंदणी दर वर्षी नवी करावी लागते (तीन किंवा सहा महिन्यांचीही घेता येते) आणि तिच्याच पैशात अपघातात माणसाला इजा झाली तर भरपाई देणारा विमाही असतो, म्हणजे ती चुकली तर नुसता दंडाचा प्रश्न नाही. आमच्या शेजारणीनं घर बदललं, पत्ता कळवायचा राहिला, सरकारी पत्र जुन्या घरी गेलं आणि ही बाई आरामात नोंदणी संपलेली गाडी चालवतेय. कॅमेऱ्यानं धरलं तेव्हा कळलं. लेबल असतं तर सिग्नलला उभं राहिल्या राहिल्या दिसलं असतं ना.

तरी लेबल परत आणा असं इथे कुणी म्हणत नाही, हेही खरं.

जुनी_चेतक

तुम्ही सगळे नवीन गाड्यांची गोष्ट करून राहिलेत. माझ्याकडे स्कूटर आहे, वडिलांची. तिची आरसी म्हणजे छोटी पुस्तिका, आत शाईनं लिहिलेलं, शिक्के मारलेले. एमपरिवहन या सरकारी अॅपमध्ये नंबर टाकला तर "रेकॉर्ड नॉट फाउंड". म्हणजे डिजिटल इंडियाच्या हिशोबानं माझी स्कूटर जन्मलीच नाही, आणि मी रोज तिच्यावरून भाजी आणून राहिलोय.

आरटीओत गेलो, नायता मुंडल्याला, इतक्या लांब. तिथे म्हणाले बॅकलॉग एंट्री करावी लागेल, म्हणजे जुन्या रजिस्टरमधून पाहून कंप्युटरवर चढवायचं. रजिस्टर शोधायला कोण जाणार ते ठरायचंय.

तर रामबागी, सगळं डिजिटल करून मोकळे व्हा तुम्ही, पण आधी आमचं रजिस्टर शोधा.

गणिताचे_सर

जरा आकडे ठेवतो, कारण परदेशात काढलं म्हणजे चांगलंच झालं असं आपण धरून चालतो.

ब्रिटनमध्ये १९२१ पासून काचेवर गोल कागदी टॅक्स डिस्क लावायची पद्धत होती. १ ऑक्टोबर २०१४ ला बंद केली, कारण हेच, की सगळं कंप्युटरवर आहे आणि कॅमेरे प्लेट वाचतात. त्यानंतर त्यांच्याच सरकारनं रस्त्यावरच्या गाड्या तपासून आकडे दिले. २०१३ साली टॅक्स न भरलेल्या गाड्या ०.६ टक्के होत्या, २०१५ ला १.४ झाल्या, २०१७ ला १.८. म्हणजे चार वर्षांत तिप्पट. सगळेच चोर नव्हेत, पुष्कळसे विसरलेले असणार, आणि काही जण जुनी गाडी विकत घेऊन फसलेले. तिकडे डिस्क गेली त्याच दिवसापासून नियम बदलला, की गाडी विकली की उरलेल्या महिन्यांचा टॅक्स जुन्या मालकाला परत जातो, नव्यानं पहिल्या दिवसापासून स्वतः भरायचा. आधी डिस्क गाडीबरोबर यायची, त्यामुळे लोकांच्या अंगात तीच सवय.

२०१९ च्या पाहणीत १.६ आलं, म्हणजे थोडं खाली, पण डिस्कच्या काळातल्या आकड्यापर्यंत काही गेलं नाही.

कृष्णपुरा

सर, आकडे मान्य, पण औषध चुकीचं सांगताय. कॅनडात ऑन्टारियोमध्ये १३ मार्च २०२२ ला प्लेटवरचं स्टिकर आणि त्याची फी दोन्ही बंद केलं. तिथेही लोक विसरले, दहा लाखांच्या आसपास गाड्यांची मुदत उलटून गेली. मग त्यांनी काय स्टिकर परत आणलं? नाही. १ जुलै २०२४ पासून आपोआप नूतनीकरण सुरू केलं, विमा चालू आहे, दंड थकलेला नाही, तर गाडी आपोआप पुढे. डिजिटलमध्ये गडबड झाली ती डिजिटलमध्येच सुधारली. ब्रिटिश कोलंबियानंही २०२२ च्या १ मे पासून स्टिकर सोडलं.

आणि स्टिकरची चोरी होते हे कुणी लिहिलंच नाही. अमेरिकेत लोक प्लेटवरचं नवं स्टिकर लावलं की ब्लेडनं त्याच्यावर आडव्या-उभ्या रेघा मारतात, म्हणजे दुसऱ्याला अख्खं उचलता येऊ नये. एवढ्याशा कागदाच्या चोरीमुळे आख्खी प्लेटच काढून नेणारे पण आहेत.

पोहे_जास्त_सेव

आपल्याकडे अख्खी गाडीच नेतात, ब्लेडचा त्रास नाही.

काळा_कोट

चर्चा छान चालली आहे पण दोन वेगळ्या वस्तू एकत्र करून राहिलो आपण सगळे.

मेलबर्न, लंडन, ऑन्टारियो इथलं स्टिकर सांगायचं की पैसे *कुठपर्यंत* भरलेत. त्याच्यावर तारीख होती. आपल्या खासगी गाडीचा रोड टॅक्स सुरुवातीलाच एकरकमी जातो, नोंदणी पंधरा वर्षांची, मग पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. (२०२२ च्या १ एप्रिलपासून त्या नूतनीकरणाची फी कारला ६०० वरून ५००० आणि मोटारसायकलला ३०० वरून १००० झाली, जुनी_चेतक साहेब, पाणी पिऊन घ्या.) आपल्या काचेवरच्या स्टिकरला संपायची तारीखच नाही. ते सांगतं गाडी *कोणती* आहे. त्यावर नोंदणी नंबर, कुठल्या आरटीओची, प्लेटवर लेझरनं कोरलेला नंबर, इंजिन नंबर आणि चेसिस नंबर असतो. आकार १०० बाय ६० मिलिमीटर. रंग इंधनाचा, फिका निळा म्हणजे पेट्रोल किंवा सीएनजी, नारिंगी म्हणजे डिझेल. बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या निकषांची) गाडी असेल तर वर एक सेंटिमीटरची हिरवी पट्टी. हे रंग सुप्रीम कोर्टासमोर दिल्लीच्या प्रदूषणाच्या केसमध्ये आले २०१८ ला, आणि १ एप्रिल २०१९ पासून देशभर नव्या गाड्यांना कंपनीकडूनच प्लेटांबरोबर हे येऊ लागलं.

म्हणून तिकडच्यांनी काढलं हे आपल्या स्टिकरला लागू होत नाही. आपल्याकडे त्यांच्या स्टिकरच्या जागी काय आहे ते पाहायचं तर विमा, पीयूसी आणि फिटनेस पाहा. त्या तारखा आपल्याकडे काचेवर नाहीतच, फक्त डेटाबेसमध्ये आहेत. खासगी गाडीपुरतं बोलाल तर तो भाग आपण आधीच डिजिटल केलाय.

रामबागींच्या मूळ प्रश्नाला: नियमानं स्टिकर लागतं. काढायला गेलं तर फाटेल असंच बनवलेलं असतं, म्हणून जुन्या काचेवरून सोलून आणता येत नाही. काच बदलली तर नवं घ्यावं लागतं, ज्या डीलरकडून गाडी घेतली तिथे आरसी आणि काच बदलल्याचं बिल घेऊन जा.

रामबागी

काळा_कोट, हे असं कुणी सांगितलं नव्हतं, धन्यवाद. पण मग उलट जास्तच प्रश्न पडतो. तारीख नाही, नुसतं कोणती गाडी ते लिहिलंय, तर ते प्लेट सांगतेच की. इंजिन नंबर वाचायला इन्स्पेक्टर काचेला नाक लावणार आहे का?

सुमनताई_राजेंद्रनगर

मी सांगते कशाला ते. आमच्या अॅक्टिव्हाच्या नंबरवर ई-चालान आलं, अशा गावचं जिथे आम्ही जन्मात गेलो नाही. फोटो उघडून पाहिला तर नंबर आमचा, गाडी काळी, दोन पोरं बसलेली, हेल्मेट एकाच्याही डोक्यावर नाही. आमची गाडी पांढरी आणि त्या वेळी घराखाली उभी. कुणीतरी आमचा नंबर रंगवून लावलाय. आता डेटाबेसला विचाराल तर तो आमचंच नाव सांगणार ना, तो तरी काय करणार, त्याला नंबर दिलाय तर नंबराचंच उत्तर देईल. आमचे हे गाडीचे फोटो, पार्किंगचं सीसीटीव्ही, सगळं घेऊन तक्रार करून आले, ऑनलाइनही टाकली.

म्हणून मी म्हणते काहीतरी वस्तू गाडीवर असायला पाहिजे जी बाजारात रंगवून मिळत नाही.

कृष्णपुरा

ताई, त्रास खरा, पण स्कूटरला काच कुठे? तिसरं स्टिकर फक्त काच असलेल्या गाड्यांना.

सुमनताई_राजेंद्रनगर

मला माहिती आहे काच नाही ते. मुद्दा प्लेटचा सांगितला. नुसता नंबर म्हणजे गाडी नाही. तुम्हाला काच दिसली आणि मुद्दा नाही दिसला 🙂

पोहे_जास्त_सेव

ताई १, कृष्णपुरा ०.

डेटाबेसवाला

ताईंचं म्हणणं तांत्रिक भाषेत मांडतो. नंबर प्लेट ही डेटाबेसची किल्ली. किल्लीच नकली असेल तर डेटाबेस अगदी बरोबर उत्तर देतो, पण भलत्या गाडीचं. कॅमेऱ्याला हे कळत नाही, फार तर रंग आणि मॉडेल जुळत नाही एवढं कळेल आणि तेही कुणी जुळवून पाहिलं तर. म्हणून त्या हाय सिक्युरिटी प्लेटवर क्रोमियमचं अशोकचक्राचं होलोग्राम, कोरलेला नंबर, आणि एकदा बसवलं की न उघडणारं स्नॅप लॉक असतं. काचेवरचं स्टिकर त्याचा तिसरा साक्षीदार, आणि आतल्या बाजूला असल्यानं बदलायला काच फोडावी लागेल किंवा गाडी उघडावी लागेल.

पण रामबागींचंही बरोबर आहे की हे साक्षीदार कुणी तपासतच नाही. माझं मत विचाराल तर होलोग्रामचं ठेवा पण त्यात क्यूआर द्या, जो पोलिसांच्या अॅपनं वाचला की गाडीचा फोटो आणि रंग येईल. २०२१ पासून पीयूसीवर क्यूआर आहेच.

आणि आता कामाची गोष्ट, हे सगळ्यांनी आज रात्री करा. परिवहनच्या साइटवर तुमच्या गाडीला कुठला मोबाइल नंबर जोडलाय ते पाहा. गाडी घेताना फॉर्म डीलरच्या पोरानं किंवा एजंटनं भरलेला असतो, आणि ओटीपी पटकन यावा म्हणून त्यानं स्वतःचा नंबर टाकलेला असतो. चालानचे मेसेज वर्षानुवर्षं त्याला जाऊन राहिलेत आणि तुम्ही म्हणताय सिस्टिम खराब आहे. जुनी गाडी घेतली असेल तर आधीच्या मालकाचा असण्याची शक्यता जास्त.

हेमा_वैशालीनगर

बापरे, आत्ता पाहिलं, शेवटचे चार आकडे आमच्या घरात कुणाचेच नाहीत!!

बिजासनी

एजंटला फोन करा ताई, म्हणावं इतकी वर्षं आमचे मेसेज सांभाळलेस, चहाला ये.

हेमा_वैशालीनगर

हसा तुम्ही. बदलायला गेले तर आधारचा ओटीपी मागतंय आणि नाव जुळत नाही म्हणतंय. आणि हेच डिजिलॉकरमध्ये (कागद ठेवायचं ते सरकारी अॅप) पण झालं होतं, आरसी ओढायला गेलं की नाव जुळत नाही. कारण आधारवर माझं नाव, मग ह्यांचं नाव, मग आडनाव, आपल्या मराठी पद्धतीनं. आरसीवर इकडच्या हिंदी पद्धतीनं फक्त नाव आणि आडनाव, आणि ह्यांचं नाव खाली पतीच्या रकान्यात. त्यातून आरसीवर 'व्ही'नं लिहिलेलं आडनाव आधारवर 'डब्ल्यू'नं आहे. मशीनच्या दृष्टीनं आम्ही दोघी वेगळ्या बायका.

शेजारच्या अग्रवाल वहिनींचं एका झटक्यात झालं.

गणिताचे_सर

हा मराठी माणसाचा इंदूरमधला खास प्रॉब्लेम आहे, माझ्या मुलाच्या मार्कशीटपासून सुरू आहे. शाळेत नाव-आडनाव, महाराष्ट्रातल्या कॉलेजात गेला तर वडिलांचं नाव मधे सक्तीचं, पासपोर्टवर तिसरंच. मी उपाय केला तो सांगतो, आधारवरचं नाव बदलत बसू नका, त्याला बँक, पॅन सगळं जोडलेलं असतं. आरसीवरचं दुरुस्त करा. वेळ लागतो.

जुनी_चेतक

ज्यांची आरसी सापडतच नाही त्यांना नावाचा प्रॉब्लेम येत नाही. फायदाच आहे.

काळा_कोट

डिजिलॉकर निघालं म्हणून एक गोष्ट सांगून ठेवतो, यात रोज लोक अडकतात. डिजिलॉकरमध्ये दोन कप्पे असतात. एक 'इश्यूड', म्हणजे थेट सरकारी खात्यातून आलेलं, ते कायद्यानं मूळ कागदाच्या बरोबरीचं. दुसरा कप्पा तुम्ही स्वतः फोटो काढून चढवलेल्यांचा, त्याला तशी किंमत नाही. लोक कार्डाचा फोटो काढतात, चढवतात, आणि नाक्यावर म्हणतात डिजिलॉकरमध्ये आहे. व्हॉट्सअॅपवर बायकोनं पाठवलेल्या आरसीच्या फोटोची गोष्ट तर सोडाच.

केंद्रानं २०१८ च्या ऑगस्टमध्ये राज्यांना कळवलं की डिजिलॉकर आणि एमपरिवहनमधले कागद स्वीकारा, मग नोव्हेंबरमध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १३९ बदलून इलेक्ट्रॉनिक रूपात दाखवायची सोय केली. आणि १ ऑक्टोबर २०२० पासून असं आहे की ऑनलाइन तपासून कागद वैध निघाला तर परत छापील प्रत मागायची नाही. हे सगळं महाराष्ट्रातही तितकंच लागू, कारण नियम केंद्राचे आहेत. तेव्हा रामबागी, पुण्याला जाताना घाबरू नका, पण शांतपणे बोला. "नियम १३९ वाचलाय का" हे वाक्य पहिलंच बोलू नका, माझं ऐका.

बिजासनी

वकीलसाहेब लाख बोलले. मी एकाला कलम सांगताना पाहिलंय, मग त्याच्या गाडीची फर्स्ट एड पेटी उघडून आयोडीनची तारीख पण पाहिली साहेबांनी.

धुळ्याचा_जावई

एमपी ०९ घेऊन वर्षातून किती वेळा धुळे-नाशिक करतो त्याला गणती नाही. शिरपूरच्या पुढे, मग मालेगावच्या आसपास थांबवतात. मला काचेवरच्या स्टिकरचं आजवर कुणीच विचारलं नाही, विचारतात ते पीयूसी आणि काळी फिल्म. हल्ली मात्र पुढच्या-मागच्या प्लेटा नीट पाहतात, कारण महाराष्ट्रात जुन्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट सक्तीची केली, २०२५ मध्ये मुदतीवर मुदती वाढवून दिल्या, सगळीकडे तीच चर्चा. बाहेरच्या राज्याची गाडी म्हटलं की जास्तच निरखून पाहतात.

दिल्लीचं वेगळं ऐकलंय, तिथे रंगाचं स्टिकर नसलं तरी चालान होतं. प्रदूषण वाढलं की जुन्या डिझेल-पेट्रोल गाड्या थांबवतात, मग काचेवरचा रंग लांबून दिसतो तो उपयोगी पडतो त्यांना. म्हणजे स्टिकरचा उपयोग तिथे आहे, आपल्याकडे अजून तरी नाही.

पोहे_जास्त_सेव

जावईबापू, पीयूसी एका वर्षाचं असतं की सहा महिन्यांचं? आमच्या इथे पंपावरचा माणूस दर वेळी सहा महिन्यांचं काढतो.

धुळ्याचा_जावई

गाडी बीएस-४ किंवा बीएस-६ असेल तर वर्षाचं. नवी गाडी असेल तर पहिलं वर्ष लागतच नाही. बीएस-३ आणि जुन्यांना सहा महिने. पंपावरच्या माणसाला सांगा हे, मग पाहा तो कसा हसतो.

मेलबर्नची_मावशी

एक विचारू? तुमच्याकडे फास्टॅग काचेवरच लावायचा ना अजून? सगळं डिजिटल डिजिटल करून परत काचेवर चिकटवायची वस्तू वाढलीच की.

डेटाबेसवाला

मावशी, अगदी मर्मावर बोट. २०२१ च्या फेब्रुवारीपासून फास्टॅग सक्तीचा, आणि २०२५ मध्ये, हातात धरून दाखवायचे लोक म्हणून टोलवाल्यांनी असे सुटे टॅग काळ्या यादीत टाकायला घेतले. ३००० रुपयांत २०० फेऱ्यांचा वार्षिक पास निघाला १५ ऑगस्ट २०२५ ला, तोही टॅग काचेवर नीट चिकटवलेला असेल तरच. कारण तेच जे सुमनताई म्हणाल्या, टॅग आणि गाडी वेगळी झाली की एकाच्या नावावर दुसरा जातो. सगळं रेकॉर्ड सर्व्हरवर असलं तरी शेवटी ते गाडीला कुठेतरी चिकटवावंच लागतं.

कृष्णपुरा

म्हणजे मग तुम्ही माझ्या विरुद्ध बोलून राहिलात?

डेटाबेसवाला

अर्धा. तारखांसाठी डिजिटल, ओळखीसाठी वस्तू. आठवण करून द्यायला मोबाइल काचेपेक्षा चांगला, फक्त त्यात नंबर तुमचा असायला हवा, एजंटचा नाही.

रामबागी (बुधवार, सकाळी ८:१५)

सगळं वाचलं. मी डीलरकडे विचारून आलो, स्टिकरसाठी अर्ज घेतला त्यांनी, आल्यावर फोन करू म्हणाले. खरं सांगतो, डिजिटल आरसीबद्दल माझं मत तेच आहे, कार्ड नको, फाइल नको. पण आपलं स्टिकर आणि इंग्लंडचं स्टिकर एकच समजून मी जे लिहिलं होतं ते आता लिहिणार नाही. एक मात्र बोलतोच, जे तपासायची कुणाची तयारी नाही ते सक्तीचं ठेवण्यात काय अर्थ आहे? एक तर अॅपमध्ये वाचायची सोय करा, नाहीतर सोडा. बिजासनी यांच्या सल्ल्यानं पुण्यासाठी एक प्रिंट काढून डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकून ठेवलीये.

गणिताचे_सर

प्रिंट काढलीत म्हणजे कागद जिंकला.

सुमनताई_राजेंद्रनगर

जाता जाता एक महत्त्वाचं, कालच आमच्या गल्लीत झालंय. व्हॉट्सअॅपवर मेसेज येतो, तुमच्या गाडीचं चालान झालंय, गाडीचा नंबर बरोबर लिहिलेला असतो, आणि खाली एमपरिवहनच्या नावाची फाइल जोडलेली असते, शेवटी 'एपीके', म्हणजे उघडली की फोनमध्ये अॅप चढवणारी. ती उघडायची नाही. शेजारच्या काकांनी उघडली, फोनमधले ओटीपी परस्पर जाऊ लागले आणि खात्यातून पैसे गेले. बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन केला म्हणून काही अडवता आले. खरं चालान पाहायचं तर स्वतः ई-चालानच्या सरकारी साइटवर जाऊन नंबर टाकायचा, जिच्या शेवटी परिवहन डॉट जीओव्ही डॉट इन असतं. आणि अॅप प्ले स्टोअरमधूनच घ्यायचं. ज्यांच्या घरी आई-वडील स्वतः फोन वापरतात त्यांनी हे आज त्यांना सांगा.

हेमा_वैशालीनगर

सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले माझ्याकडे गाडीच नाही, मला कसला मेसेज. त्यांना काल आला होता, त्यांनी उत्तर पण दिलंय, "गाडी नाही, क्षमस्व".

सर, आरसीवरचं नाव दुरुस्त करायला कुठला फॉर्म लागतो आणि नायता मुंडल्याला जावंच लागतं का, की ऑनलाइन होतं? कुणी हल्ली केलं असेल तर सांगा, शनिवारी मोकळी आहे.

जुनी_चेतक

शनिवारी सुट्टी नाही ना ते आधी पाहा ताई. जाणार असाल तर सांगा, मलाही रजिस्टरचं विचारायचंय, एकाच फेरीत होईल.